ह्यांच्या विमानाचा पंख

४ नोव्हेंबर
पक्षाघातानंतर हे हॉस्पिटलमधून येऊन दोन महिने. ह्यांचा उजवा हात अजून मांडीवर तसाच. आज आपणहून बोलले, "कपाटावरचा खोका काढ." आत अर्धवट विमान. रबराच्या पिळावर, बंद हॉलमध्ये उडणारं. मधली नळी, शेपूट, प्रोपेलर झालेलं. पंख राहिलाय.
"तो तू कर."
तीस वर्षं मी त्या खोक्यावरची फक्त धूळ पुसली.

७ नोव्हेंबर
पंखासाठी बाल्साच्या, म्हणजे अगदी हलक्या लाकडाच्या, काड्या निवडल्या. कंपनीच्या लॅबमध्ये मी सव्वीस वर्षं नमुने तोलले, त्यामुळे वजनाचं जमतं. पण दोन काड्या सारख्याच वजनाच्या, तरी एक मऊ, एक ताठ.
"डोल्यानं नाय, बोटानं बघ. वाकव. दोनी सारख्या वाकल्या पायजेत."
बोईसरला घर करून इतकी वर्षं झाली, आजारपणात ह्यांचं बोलणं पुन्हा गावचं, एडवणचं झालंय.

११ नोव्हेंबर
पंखाच्या फासळ्या, म्हणजे आडव्या काड्या. गोंद पातळ करून सुईच्या टोकावर जेमतेम एक थेंब. जास्त झाला की वजन वाढतं. तिसरी बसवताना पंखाच्या पुढच्या कडेची काडी मोडली.
"राहू दे. तुझ्या हातात नाय ते."
मी आत गेले. घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

१२ नोव्हेंबर
काम बंद. व्यायाम घ्यायला बाई आल्या. ह्यांनी हात उचलून बघितलाही नाही. "काय करायचाय तो हात?" बाई माझ्याकडे बघत राहिल्या.

१६ नोव्हेंबर
चहा घेऊन गेले तर हे टेबलाशी. डाव्या हाताने पट्टी दाबलेली, नवी काडी तिला टेकवलेली.
"मी धरतो. तू चिकटव."
माझं चुकलं वगैरे काही म्हणाले नाहीत. बसले शेजारी. संध्याकाळपर्यंत पाच फासळ्या.

२४ नोव्हेंबर
पंखावर प्लॅस्टिकची फिल्म चढवली. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. खिडक्या बंद, पंखा बंद, श्वास सोडायचा तोही मान वळवून. काठाला जिभेची ओल लावली की चिकटते. उरलेली तापल्या तारेने कापली. सगळं विमान काट्यावर ठेवलं. दीड ग्रॅम. ह्यांनी आकडा दोनदा बघितला.

३० नोव्हेंबर
एडवण. दिरांनी समाजाचा हॉल उघडून घेतला. रबराला तेल चोळून ते लांब ताणलं, पीळ चढेल तशी मी पुढे सरकत गेले. हे वेढे मोजत होते. सोडायच्या वेळी ह्यांनी उजवा हात पुढे केला. बोटं मिटेनात. आम्ही थांबलो.
"सोड तू."
सोडलं. इतकं हळू गेलं की त्याच्याखालून चालता आलं. फेऱ्या घेत छतापर्यंत चढलं.
दीर म्हणाले, "आवाजच नाय त्याला."
ह्यांच्याकडे बघितलं. रडत होते. चेहऱ्याची एक बाजू हलत नाही, म्हणून रडणंही अर्धंच दिसलं. विमान टेकल्यावर म्हणाले, "वळण जास्त घेते."

३ डिसेंबर
डॉक्टर म्हणाले, बोटांचं बारीक काम परत येईल असं धरून चालू नका. हे नुसतं "बरं" म्हणाले.
घरी येऊन डाव्या हाताने नवा आराखडा काढत बसले. रेघा वाकड्या, पंख आधीपेक्षा मोठा. कोणी करायचा, ते मी विचारलं नाही.
उद्या व्यायामवाल्या बाईंचा दिवस. त्यांना नको म्हणून कळवू का, एवढंच विचारलं. ह्यांनी पेन्सिल थांबवली. मग डाव्या हाताने उजवा उचलून कागदावर ठेवला, कागद सरकू नये म्हणून.