पल्याडची खोली

४ जानेवारी, रविवार
ट्रेकवाल्यांच्या तीन गाड्या. सगळ्यांना चुलीवरचंच पिठलं पाहिजे. धूर मी खायचा, फोटो ह्यांनी काढायचे. एक जण मोबाईल पुढं धरून विचारतो, "काकू, राजगडाची वाट ही दाखवतंय, बरोबर ना?" मोबाईल त्याला आमच्या गोठ्यातून नेत होता. म्हटलं, "जा की, म्हस वाटच बघतीया तुमची." हसला. त्याला वाटलं चेष्टा.

संध्याकाळी मधूचा फोन, अ‍ॅमस्टरडॅमहून. डॉक्टरणीनं मार्चमधली तारीख दिली. सातव्यात ओटी भरून लेकीला घरी आणायची, ते तिच्या न् जावयाच्या नोकरीपायी राहिलं. "आई, तूच ये इकडं." येणारच, सांगायला कशाला पाहिजे. पण मग हळूच म्हणाली, "तुझ्यासाठी जवळच एक खोली बघितलीय." खोली? आणि विहीणबाई? त्या फेब्रुवारीतच जाणार, आणि राहणार मात्र मधूच्या घरात. जवळ म्हणजे किती जवळ, विचारेपर्यंत "आई, मीटिंग आहे", फोन बंद.

पोटुशीला कसली मीटिंग.

५ जाने. सोम.
संदीपला म्हटलं, मला त्या गावाचा नकाशा आणून दे. कागदाचा.
"मोबाईलमधी हाय की सगळं, आई."
मोबाईलमध्ये सगळं असतं. ट्रेकवाल्यांच्याही असतं. तरी चुकलेल्यांना हुडकायला गावातलीच माणसं बॅटऱ्या घेऊन जातात.
दाखव म्हटलं तर बोटं फाकून दाखवायला लागला. "हे ताईचं घर." आणि माझी खोली? सरकवलं. "ही खोली." आणि घर? घर गेलं. दोन्ही एकदम दाखव म्हटलं, तर सगळं एवढं बारीक केलं की दोन्ही ठिपके चिकटले. "बघ, जवळच हाय!"
पंचवीस वर्षं वाढवला. बैल बरा.

७ जाने. बुध.
भोरला गेले. मार्गासनीला टेम्पोची वाट बघण्यात निम्मी सकाळ, नसरापूरला एसटीत उभं राहून बाकीची. स्टेशनरीच्या दुकानात विचारलं, "नकाशा आहे का?"
"राजकीय का प्राकृतिक?"
"अ‍ॅमस्टरडॅमचा."
मालकानं चष्म्यावरून बघितलं. मग आतून युरोपचा कोरा नकाशा काढून दिला, शाळेतली पोरं रंगवतात तो. "ह्यात तुमी भरा," म्हणतो. काय भरू? डोकं?

८ जाने. गुरु.
हे दाताच्या कामाला पुण्याला गेले होते. बजावून पाठवलं, अप्पा बळवंत चौकातून नकाशा घेऊनच या. आणला. जगाचा.
"ह्यात नेदरलँड हाय की गं. बघ, हितं."
ज्वारीच्या दाण्याएवढं. त्यात मधूचं घर कुठं, माझी खोली कुठं, विचारलं तर म्हणतात, "लांब न्हाई दिसत."
दात काढून आले, अक्कलही तिथंच ठेवून आले असतील.

१० जाने. शनि.
पुण्याची एक ट्रेकवाली बाई जेवताना माझं बोलणं ऐकत होती. ती अ‍ॅमस्टरडॅमला जाऊन आलेली. सॅकमध्ये कुठला तरी जुना नकाशा असतोच म्हणाली, खरोखर निघाला. घडीचा, रंगीत. तिच्या भाकरीचे पैसे घेतले नाहीत.

रात्री उघडला. पवनचक्क्या, फुलं, होड्या, हिऱ्यांची दुकानं, संग्रहालयं. जिथं माणसं राहतात तिथं कागद संपलेला. मधूची गल्ली खालच्या कडेच्या बाहेर. माझी खोली वरच्या बाजूला, पण तिथं चीजची जाहिरात छापलीय. आमच्या गडावरच्या फलकावर तटबंदी आहे, दरवाजे आहेत, पायथ्याचं आमचं पाली गाव नाही. पाहुण्यांसाठी केलेले नकाशे इथून तिथून सारखेच. पैसे घ्यायला पाहिजे होते.

१३ जाने. मंगळ. भोगी.
विहीणबाईंचा फोन. कोथरूडहून, अगदी गोड.
"अहो, तुम्हाला कशाला हवा नकाशा? आमचा अनिकेत नेईल-आणेल ना तुम्हाला."
नेईल-आणेल. मी काय कुरिअरचं पाकीट आहे?
पुढं म्हणतात, "आणि तिकडे बाळंतिणीकडे नर्स येते घरी. विम्यातच असतं. ते तेल, शेक, शेगडी असलं काही लागत नाही हो."
मग तुम्ही कशाला चालला आहात, हे ओठावर आलं होतं. गिळलं. भोगीच्या दिवशी भांडू नये म्हणतात. बाजरीच्या भाकरीवर तीळ इतके थापले की हे म्हणाले, "भाकर हाय का तिळाची वडी?"

१६ जाने. शुक्र.
पुन्हा भोर. ह्या वेळी शौकतभाईंच्या झेरॉक्सच्या दुकानात. भला माणूस, पण बोलतो फार. कॉम्प्युटरवर अ‍ॅमस्टरडॅम काढलं, गल्ल्यांच्या नावांसकट. मधूनं पाठवलेले दोन्ही पत्ते मी त्यांना वाचून दाखवले. तुकडे करून मोठं छापायचं ठरलं.
"ताई, कलर काढा. नकाशाचं काम हाय."
"ब्लॅकच काढा."
"समदं करडं दिसंल हो. बारक्या रेघा तर दिसायच्याच न्हाईत."
"मला दिसतंय. काढा तुमी."
धरणाच्या पाण्याकाठी वाढले मी. पाणी कसं दिसतं ते मला भोरातला दुकानदार सांगणार!

घरी खळ केली, ओसरीवर सगळे कागद जोडून चिकटवले. मांजर मध्ये आलं, त्याला लाथ. दोन्ही पत्त्यांवर कुंकवाचं बोट टेकवलं. मधू खाली. मी वर. मध्ये हातभर रुंद करडा पट्टा. पाणी. इकडून तिकडं बोट फिरवलं, दोनदा फिरवलं. पूल नाही. खालच्या अंगाला कालवे आहेत, त्यांच्यावर पावलोपावली पूल. ह्या मोठ्या पाण्यावर एकही नाही.

पल्याड टाकलंय मला.

१७ जाने. शनि.
संदीप म्हणतो, "एवढं काय त्यात, समोरच तर हाय."
समोर.
माझं माहेर भाटघरच्या पाण्याला लागून. आक्काला दिली ती बरोबर समोरच्या काठाला. तिच्या दारातली चूल पेटली की आमच्या अंगणातून धूर दिसायचा. आई म्हणायची, लेक डोळ्यापुढं आहे. आक्काला पहिल्या वेळी माहेरी आणायच्या आधीच कळा आल्या, पल्याडून कुणीतरी धोतर हलवून खूण केली. आई तेलाची बाटली घेऊन पळत काठाला गेली. वारं सुटलेलं, होडीवाला पाण्यात उतरेना. मग फेरा. धरणाला वळसा घालून, मिळेल त्या गाडीनं, उरलेलं पायी. आई पोचली तेव्हा पोर गेलेलं होतं. आक्का भिंतीकडं तोंड करून पडलेली. "तू का न्हाई आलीस?" एवढंच म्हणाली. आई शेवटपर्यंत ते विसरली नाही.

हे सगळं संदीपला सांगितलं. तर म्हणतो, "पण आई, ते अ‍ॅमस्टरडॅम हाय." कार्ट्याच्या डोक्यात भुसा.

१८ जाने. रवि.
जावयाला फोन लावला. सरळ. आडपडदा नाही.
"जावईबापू, पूल कुठं हाय?"
"कुठला पूल, आई?"
मग मी सगळंच काढलं. तुमची आई घरात आणि मी पाण्यापल्याड. माझ्या लेकीला कळा आल्या तर मी पवत येऊ का? तुमच्या आईनं शिकवलं का हे, का तुमचंच डोकं? असंच करायचं होतं तर बोलावलंत कशाला, भांडी घासायला? दोनदा तो "आई, ऐका तर" म्हणाला. ऐकलं नाही. दम लागला तेव्हा थांबले.
तो हळू म्हणाला, "पाण्याखालून मेट्रो आहे, आई. आणि वरून फेरीबोट आहे, रात्रीसुद्धा. फुकट. थोडा वेळ लागतो फक्त."

मेट्रो. पाण्याखालून.
संदीपनं मोबाईल धुंडून दाखवलं. आहे. बारीक रेघ. करड्या कागदावर ती उमटलीच नाही. बोटीच्या वाटेचे ठिपकेही नाहीत.
हे जेवताना हसत होते. "आगगाडी बोगद्यातनं चाललीया आन् ही पूल हुडकतीया." ताट तसंच सोडून उठले.

ठीक आहे. पुलाचं चुकलं माझं. भाटघरच्या मापानं मोजलं. पण बाकी काय चुकलं? विहीणबाई अलीकडं, मी पल्याड. बोगदा खणून ते बदलतं का?

२० जाने. मंगळ.
मधूचा फोन. ट्रेकवाले नव्हते, घरात कुणी नव्हतं. बरं झालं.
"आई, अनिकेतला कशाला बोललीस? तो दोन दिवस नीट जेवला नाही."
म्हटलं, न जेवायला काय झालं, आई येतीया की त्याची रांधायला.
"हेच. हेच, आई." मग म्हणाली, "खोली मी बघितली. त्यानं नाही. तो म्हणत होता दोघींना घरातच ठेवू."
मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
"लग्नात काय झालं ते आठवतं ना? रुखवतावरून तू मांडवात सासूबाईंना काय काय बोललीस. मी बोहल्यावर उभी होते."
आठवतं. खरं तेच बोलले होते.
"त्या टोचून बोलतात, मला कळतं. पण त्यांचं मी सोडून देते. तुझं सोडता येत नाही. मला भीती वाटते आई. त्यांची नाही. तुझी."
रडत होती का नव्हती, कळलं नाही. फोन मी ठेवला.

२१ जाने. बुध.
चूल पेटवली नाही. एक गाडी आली होती, परत पाठवली. वेल्ह्याला जाऊन गिळा म्हटलं.

२२ जाने. गुरु.
माझी भीती.
तिच्या तापात उशाला बसून काढलेल्या रात्री माझ्या. तिला पुण्याला शिकायला ठेवायची म्हणून सासऱ्यांशी उभं भांडण माझं. त्या भांडणावर ती शिकली, त्या शिक्षणावर ती तिकडं गेली, आणि आता भीती माझी. बरोबर आहे. भांडणारी बाई भांडणाच्या वेळेपुरती लागते. कापणी झाली की विळा आढ्याला खोचायचा.
लई राग आलाय. कुणाचा, ते नीट सांगता येत नाही. सगळ्यांचा.

२४ जाने. शनि.
हे म्हणाले, "मग जाऊ नको. कोण बळजबरी करतंय? विहीण हाय, नर्स हाय."
"कोन म्हनलं जात न्हाई?"
"मग जा."
"कोन म्हनलं जाती?"
गपचूप म्हशीकडं गेले.

ओसरीवर नकाशा अजून तसाच. एक ट्रेकवाला बूट घालून त्याच्यावरून गेला. बरोबर त्या पाण्यावर पाय. असा हाणला असता, पण गिऱ्हाईक. नंतर ओल्या फडक्यानं पुसायला गेले तर मधूच्या घरावरचं कुंकू फिस्कटलं. चार गल्ल्या लाल झाल्या. परत बसून घर शोधलं. आता न बघता सापडतं. घरापासून दवाखान्यापर्यंतची वाटही पाठ झाली: कालवा, बाग, मोठा रस्ता, दवाखाना. माझ्या खोलीपासूनची पण. ती कशाला पाठ केली, माहीत नाही.

२७ जाने. मंगळ.
सकाळी मधूचा मेसेज: तिकीट कधीचं काढू? अनिकेत विचारतोय.
तोच विचारतोय. एवढं बोलले तरी. ह्या माणसाला राग येत नाही का? असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं.

दुपारभर उत्तर दिलं नाही. डिंक साफ केला. अळीव निवडले. कुणासाठी निवडतेय, हे मनाला विचारलंच नाही.

संध्याकाळी मीच फोन केला. आधी ठरवून ठेवलं होतं, आवाज चढवायचा नाही. थोडा चढलाच.
म्हटलं, "येती मी. पन तुज्या घरात पाय ठेवणार न्हाई."
"आई, परत सुरू—"
"ऐक. कळा आल्या की मला फोन करायचा. कितीबी वाजू दे. मी तडक दवाखान्यात येती, वाट मला म्हाईत हाय. तुजी सासू आली तर येऊ दे, मी तोंड उघडणार न्हाई. बाळ झालं की ते तुज्या घरी ने, नर्स येऊ दे, काय करायचं ते करा. पन अंगात जरा बळ आलं की तू पल्याड यायचं. बाळाला घिऊन. माज्या खोलीवर. बाळंतीण म्हाईराला येती, आई लेकीच्या सासरी जाऊन बसत न्हाई. बोटीनं ये, बोगद्यातनं ये, मला काय त्याचं. मी शेगडी पेटवून बसती."

मला वाटलं रेंज गेली. आमच्याकडं गडाच्या आड जातेच.
मग म्हणाली, "खोलीत शेगडी पेटवायला परवानगी नाही, आई."
म्हटलं, "येनार का न्हाई, ते सांग."
"बघू," म्हणाली.

हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. जिला माझी भीती वाटते ती लेक तान्हं पोर छातीशी धरून एवढं पाणी ओलांडून माझ्याकडं येईल का, ते मला आज सांगता येत नाही.

तिकीट मार्चच्या पहिल्या आठवड्याचं काढायला सांगितलंय.