चार हात ढील

मिलवॉकी, १९ ऑक्टोबर १९५८

चि. हर्था हिस,
दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

लाइलच्या घरी पोचलो. मुलगा चांगला आहे, सून व्हर्नाही चांगली आहे, आणि घर तिसऱ्या मजल्यावर आहे. पायऱ्या बेचाळीस. लाइल आणि तळमजल्यावरच्या वोयचिकने मला खुर्चीसकट वर आणलं. पियानो चढवतात तसं. पियानो निदान सगळ्या पायांनिशी चढतो.

जखम भरतेय म्हणतात. नसलेल्या पायाची बोटं रात्री खाजतात. ती कुठे खाजवायची ते डॉक्टरला माहीत नाही.

आता कामाचं. थंडीच्या आत नदीतला आपला मासेमारीचा तराफा बांधून घे. दर वर्षी मी दोरांना चार हात ढील ठेवतो, ते तुला ठाऊक आहे. यंदा ठेवू नकोस. मी नाही तिथं बघायला. दोन्ही टोकांचे दोर विलोच्या झाडांना आखूड, करकचून बांध. तसूभर हलता कामा नये. तराफ्यावरची खोली, शेगडी, दोन खाटा, सगळं मी ठेवलं तसं राहू दे. ऑर्विल शेजारधर्म म्हणून अक्कल शिकवायला येईल. त्याचं ऐकू नकोस.

तुझ्या हातचा राय धान्याचा पाव आणि आंबट कोबी आठवतो. इथं पाव कापसाचा मिळतो.

पत्र पाठवत राहा; उत्तर धाडतो, तेवढाच जिना मला उतरता येतो.
तुझा दादा, गुस्ताव
(तिसरा मजला)

---

फ्रीमाँट, वुल्फ नदी, २ नोव्हेंबर १९५८

ती. दादा यांस,
हर्थाचा शि. सा. न. वि. वि.

तराफा बांधला. ऑर्विल तासभर डोकं खात होता, की बाई, नदीत बांधलेल्या वस्तूला श्वास घ्यायला जागा ठेवावी. मी त्याला म्हटलं, दादाच्या अक्षरात लिहिलंय, तुला अक्षर वाचता येत असेल तर वाच. माझे तळहात सोलले, पण तराफा आता भिंतीत खिळा ठोकावा तसा आहे.

तू हट्ट करू नकोस. व्हर्ना देईल ते खा, पावाला नावं ठेवू नकोस. भाऊ एकच आहे, तोही आता थोडा कमी झालाय, उरलेला नीट जपायला हवा.

वहिनी असती तर तिनं तुला तिसऱ्या मजल्यावर जाऊच दिलं नसतं, हे मात्र मनात येतं.

माया आहे तशीच ठेव.
तुझी हर्था

---

मिलवॉकी, १२ एप्रिल १९५९

चि. हर्था हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पूर्ण हिवाळा एका खिडकीत गेला. समोर कौलं, कौलांवर कबुतरं. व्हर्नानं जिन्याच्या तोंडाशी फाटक बसवलंय, रांगत्या पोरांसाठी बसवतात तसलं. मी पडू नये म्हणून. दोघं कामावर जातात, मी आणि फाटक एकमेकांकडे बघत बसतो. सहा महिन्यांत मी जमिनीला लागलेलो नाही.

आता ऐक. मे महिना आला, पांढरे बास मासे अंडी घालायला नदीत वर येतील, चढण सुरू होईल. लाइलला मी महिनाभर छळलं, तेव्हा तो कबूल झाला: आत्यानं लिहून कळवलं की ती सांभाळेल आणि जागा सपाट आहे, तर पंधरा दिवस पाठवतो. तुझ्या घराला अकरा पायऱ्या, तिथं तो पाठवणार नाही. पण तराफ्यावर फळीवरून खुर्ची सरळ आत जाते. तेव्हा दोन ओळी लिहून टाक.

तोवर सामान बघून ठेव. गळाचा नवा दोरा, तंगूस घे, बारीक. शिसं आखूड दोरीला, पांढऱ्या पिसाचा गळ लांब दोरीला. तू लहानपणापासून घाईची आहेस म्हणून पुन्हा सांगतो. गळ धारेच्या जरा वर टाकायचा. शिसं तळाला टकटक करत खाली जाऊ द्यायचं. तंगूस सरळ ताणला गेला की गळ वळतो, त्या वळणावर मासा तोंड घालतो, आणि तेव्हा झटका मारायचा नाही, तो स्वतःच अडकतो. एक लागला तर जागा सोडायची नाही; एकामागं शंभर असतात.

हर्था, हे मी फक्त लिहीत नाही, रात्री पडल्या पडल्या करतो. लवकर लिही.

उत्तराच्या वाटेवर डोळे लावून बसलेला,
दादा
(अजून तिसराच मजला)

---

फ्रीमाँट, ३ मे १९५९

ती. दादा यांस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. सर्दी होती, मग चर्चच्या बायकांची मासे तळण्याची शुक्रवारची पंगत होती.

रानप्लम फुललाय. चढण कालच सुरू झाली. तराफ्यावरून पहिल्याच दिवशी अकरा पांढरे बास मिळाले, सगळे अंड्यांच्या गाभोळीनं तट्ट भरलेले. तू सांगतोस तशी मांसातली उग्र लाल पट्टी काढून टाकली आणि तळले.

तुझ्या येण्याचं म्हणशील तर यंदा घाई नको. नदीकाठी गारठा आहे, तुझी जखम कोवळी आहे. पुढल्या वर्षी बघू. मासे कुठे पळून जातात? लाइलला तसं कळव.

तब्येतीला जप, आणि मनात राग धरू नकोस.
तुझी हर्था

---

मिलवॉकी, ७ मे १९५९

चि. हर्था,
आशीर्वाद.

एकसष्ट वर्षांत तू मला पहिल्यांदा खोटं लिहिलंस, आणि तेही माशाबद्दल.

चढणीत आधी नर येतात. आठ-दहा दिवस नुसते नर. माद्या मागून येतात. पहिल्या दिवशी अकराच्या अकरा गाभोळीच्या, हे आपल्या आजोबांनीही कधी पाहिलं नाही, आणि ते थापा मारण्यात पटाईत होते. तू यंदा तराफ्यावर पाऊल टाकलेलं नाहीस.

मग मी समजायचं ते समजलो. एका पायाचा म्हातारा पंधरा दिवस उचलायचा म्हणजे कटकट आहे. खरं आहे. पण मी तुला सायकल शिकवली, तुझ्या नवऱ्याच्या शवपेटीला खांदा दिला. नको असेन तर सरळ लिही की दादा, नको येऊस. मी कबुतरं मोजीन.

लाइल रोज विचारतो, आत्याचं काय आलं. मी म्हणतो टपाल उशिरा चालतं.

याहून जास्त लिहवत नाही.
गुस्ताव

---

फ्रीमाँट, १० मे १९५९

ती. दादा,
शि. सा. न.

तराफा नाही दादा.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात नदीवरचा बर्फ फुटला आणि नदी एका रात्रीत पुरुषभर चढली. बाकीच्यांचे तराफे पाण्याबरोबर वर आले. आपला आला नाही. दोर आखूड होते. पाणी चढत गेलं आणि दोरांनी तराफ्याला खाली धरून ठेवलं. ऑर्विल कुऱ्हाड घेऊन धावला, पण गाठी तोवर पाण्याखाली गेल्या होत्या. मी काठावर उभी राहून बघत होते. आधी फळी गेली, मग खिडकी, मग धुराडं. दोर शेवटपर्यंत तुटले नाहीत. मीच बांधले होते ना.

बांधताना मला कळत होतं, ऑर्विल बरोबर आहे. तरी तुझं पत्र होतं म्हणून बांधले. आता तुला कसं लिहू, की तुझ्या पत्रानं बुडाला? पाय गेल्यावर तुझं एवढंच उरलं होतं. मला वाटलं, बहिणीवर रुसलेला परवडला, स्वतःवर रुसलेला नको.

तू मला नको कसा असशील? रोज सकाळी काठावर जाते आणि तिथून रिकामी परत येते. पण सपाट जागा राहिली नाही. लाइलला खोटं लिहू का, ते सांग. मी तेही लिहीन.

मार, पण दूर करू नकोस.
तुझी हर्था

---

मिलवॉकी, १४ मे १९५९

चि. हर्था हिस,
दादाचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तराफा तू बुडवला नाहीस, मी बुडवला, आणि का तेही मला माहीत आहे. त्या आठवड्यात पाय गेला होता. जगात माझी एक तरी वस्तू ठेवली तिथं राहावी असं वाटत होतं. पन्नास वर्षं मी दुसऱ्यांना सांगत आलो की ढील ठेवा, आणि भ्यालो तेव्हा स्वतःच आखूड बांधायला लावलं. मी रडलो हे लपवत नाही. ती शेगडी तुझ्या वहिनीनं निवडली होती.

मग फाटकाकडे बघितलं. लाइलनं आणि व्हर्नानं तरी दुसरं काय केलंय? भीतीपोटी, मायेनं, करकचून.

आज सकाळी दोघं कामावर गेल्यावर फाटकाची कडी काढली, जिन्यावर बसलो आणि एकेक पायरी बुडावर घसरत उतरलो. कुबड्या पुढं टाकायच्या, मागून आपण जायचं. सव्वा तास लागला. विजारीची मागली बाजू कामातून गेली. वोयचिकनं दार उघडलं, मला बघून हातातला कप सांडला, मग बिअर ओतली. सकाळी दहा वाजता, पण देव समजून घेईल.

आता मी वर जाणार नाही. वोयचिकच्या कोचावर झोपेन. लाइल संध्याकाळी आरडाओरडा करील, त्याला तुझं पत्र वाचायला देईन, दोरांचा मजकूर मोठ्यानं.

शनिवारी ऑर्विलचा ट्रक घेऊन ये. मला खोली नको, शेगडी नको. एक खुर्ची आण, ती विलोखाली ठेव. रात्री ऑर्विलच्या शेडमध्ये झोपेन, त्याला पायरी नाही. पाण्यात पडेन अशी भीती वाटली तर झाडाला बांध मला, पण चार हात ढील ठेव. शनिवारपर्यंत माद्या आल्या असतील, तुझी थाप तेवढी खरी होईल.

पाकिटावरचा पत्ता बघ. आजवर व्हर्ना लिहून टपालात टाकायची. हा माझ्या अक्षरात आहे, आणि कोपऱ्यावरच्या पेटीत मीच टाकतोय, चालत जाऊन.

लोभ ठेव, धरून मात्र ठेवू नकोस.
तुझा दादा, गुस्ताव
(तळमजला)