अण्णा, तुमच्या गाडीचा क्लच काढला

अण्णा, तुमच्या गाडीचा क्लच मी काढला. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कपाळाला आठ्या घालून बसायला नकोत. घातल्यात तरी आता इलाज नाही. आपल्या अँबॅसिडरमध्ये आता ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, डाव्या पायाला कामच नाही. आणि मूळची गाडी बिघडवली वगैरे तुम्ही तरी म्हणू नका. तिचं इंजिन उतरवून जपानी इंजिन तुम्हीच घातलं होतं, तेव्हा शाहूपुरीतली अख्खी गल्ली हसत होती, "म्हातारीला पैलवानाचं काळीज बसवलंय अण्णानं!" त्याच इंजिनामुळं माझं काम सोपं झालं. परदेशात ते ऑटोमॅटिकसकट यायचं, त्यामुळं बोल्टांची भोकं आयती जुळली. मागचा शाफ्ट तेवढा शिरोलीत लेथवर आखूड करून आणला आणि खालचा आधार नवा केला.

हे सगळं आईसाठी. तुम्ही गेलात आणि दोन वर्षांनी ती न्हाणीत घसरली, डावा खुबा मोडला. चालते, पण क्लच दाबण्याइतका पाय उचलत नाही. तुम्ही तिला गाडी शिकवलीत तेव्हापासून दर महिन्याला ती एकटी कुरुंदवाडला जायची, माहेरी, मावशीला भेटायला. ते बंद पडलं. मी न्यायला एका पायावर तयार होते, पण ऐकेल ती आई कसली. "मला मागं बसवून पार्सल करू नगंस. गाडी चालवत गेले तर माहेर, न्हाय तर मी नुसती पावणी," म्हणायची. चार वर्षं गाडी झाकून उभी राहिली आणि हीही घरात बसली.

गेल्या महिन्यात नवा बॉक्स चढवायला घेतला. आपल्या गॅरेजातले जुने मिस्त्री अजून माझ्याबरोबरच आहेत. आम्ही दोघांनी बॉक्स जॅकवर उचलला, इंजिनाला भिडवला, आणि बोटभर फट राहिली. काही केल्या मिटेना. मिस्त्री घाम पुसत म्हणाले, "ताई, एवढंच तर ऱ्हायलंय. बोल्ट मारून वढून घेऊ की." मीही वैतागले होते. पाना हातात घेतला, आणि तिथंच थांबले. कारण मी एकदम बाविशीची होऊन गाडीखालच्या पिटात उभी आहे. जीपचा गिअरबॉक्स नीट बसत नाही म्हणून मी बोल्ट आवळत त्याला ओढून आणते आहे, आणि काडकन त्याचा बोल्ट बसायचा कान तुटतो. वरून तुम्ही गरजताय, "बोल्ट धरायला असतोय, वढायला न्हाय! किती येळा सांगायचं गं तुला?" गिऱ्हाईक मधे पडतं, "जाऊ द्या की अण्णा, पोरगी हाय." तुम्ही त्याच्यावरच फिरता. "पोरगी घरात. हितं मिस्त्री हाय ती." आठ दिवस मी तुमच्याशी बोलले नव्हते. चारचौघांत पाणउतारा झाला एवढंच तेव्हा डोक्यात होतं. अख्ख्या कोल्हापुरात मला मिस्त्री म्हणणारे तुम्ही पहिले, हे कळायला मला फार वर्षं लागली. अण्णा, त्या दिवशीच्या ओरडण्याचे उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत.

पाना खाली ठेवला आणि बॉक्स पुन्हा उतरवला. मिस्त्री कुरकुरले, कुरकुरू दिलं. ऑटोमॅटिकच्या तोंडाशी कन्व्हर्टर म्हणून मोठा वाटोळा डबा असतो, तो हातानं फिरवत फिरवत आत रेटला. टक् झालं. अजून थोडा फिरवला, पुन्हा टक्. अर्धवटच बसला होता तो मेला! बोल्टानं ओढला असता तर आतला पंप फुटला असता. असा दुसरा बॉक्स हुडकायला आणखी एखादं वर्ष गेलं असतं, आणि आईची उमेद तोवर टिकली असती की नाही, देव जाणे. या खेपेला बॉक्स अलगद भिडला आणि बोल्ट नुसत्या बोटांनी आत गेले. मिस्त्री म्हणाले, "अण्णा असते तर मला शिव्या घातल्या असत्या आज."

रविवारी आई स्टिअरिंगला बसली. मी म्हटलं, ब्रेक दाब आणि मग दांडा खाली घे. "मला शिकवू नगंस, तू जन्मायच्या आधीपासनं चालवतीया," म्हणाली. ब्रेक सोडल्यावर गाडी आपोआप सरकली तशी दचकली, मग खुदकन हसली, "आगं बया, हिलाच लय घाई झालीया!" कुरुंदवाड येईपर्यंत मला एक शब्द बोलू दिला नाही. हॉर्न ऐकून मावशी पिठाच्या हातांनीच दारात आली. "कुणी आणलं गं तुला?" आई दार उघडून, हातानं डावा पाय बाहेर काढत म्हणाली, "मला कोण आणतंय? मी आले."

मला मात्र गाडीतून लवकर उतरवेना. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. हा बॉक्स या इंजिनाला बसतो, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. आई विचारायची, आणि मी 'बसत नाही' म्हणून सांगायची. त्या इंजिनाला तुम्ही स्वतः जुळवलेला जुना, क्लचचा बॉक्स खोलायला माझा हात धजत नव्हता. तुमच्या हातचं तेवढंच माझ्याजवळ उरलं होतं. त्यापायी मी तिला चार वर्षं घरात बसवलं, अण्णा. तिला अजून सांगितलेलं नाही.