तीन बगळे ज्याचे त्याला

परमेश्वराच्या नावाने, आमेन. मी वॉरिन, हेझलकोट गावचा धनी, सरदार, वय अदमासे पासष्ट, पाय सुजलेले, भूक शाबूत आणि डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र सांगत आहे आणि आमचे फादर ॲल्डविन ते लिहून घेत आहेत. डोके ठिकाणावर असण्याबद्दल माझी पत्नी ॲमिस हिला शंका आहे आणि ती तिने फादरांची दौत उघडण्याआधीच बोलून दाखवली आहे. फादर लॅटिनमध्ये लिहिणार होते. मी नको म्हटले. माझ्या दफनानंतरच्या पहिल्या रविवारी हे चर्चमध्ये मोठ्याने वाचायचे आहे, आणि दाराशी उभा राहणाऱ्या मेंढपाळालाही ते कळले पाहिजे.

प्रथम, माझा आत्मा मी देवाच्या स्वाधीन करतो. त्यात एक मोठी खोट आहे. ती कोणती ते पुढे सांगेन, कारण आधी लहानसहान गोष्टी उरकल्या की जीभ जरा सैल होते.

माझा देह आमच्या चर्चमध्ये उत्तरेच्या भिंतीलगत पुरावा. शवपेटीपुढे रिवाजाप्रमाणे माझा घोडा मॉरेल चालवत न्यावा, त्याच्यावर माझे चिलखत ठेवावे, आणि नंतर रिवाजाप्रमाणेच तो घोडा चर्चचा व्हावा. सगळ्यांत चांगले जनावर द्यायचे असते, म्हणून मॉरेल. फादर हे वाक्य फार सुरेख अक्षरात लिहीत आहेत. मॉरेल झगा घातलेल्या माणसांना चावतो, याची इथे नोंद करून ठेवतो, म्हणजे मागाहून माझ्या नावाने बोटे मोडायला नकोत.

पत्नी ॲमिस हिला मोठा पलंग, त्याचे हिरवे पडदे, मधमाश्यांची नऊही पोळी आणि नदीकाठचे कुरण हयातभर. चाळीस वर्षे तिने माझे ऐकून घेतले असे म्हणण्याची पद्धत आहे. तिने ऐकून घेतले नाही. तिने प्रत्येक वेळी उत्तर दिले, आणि दहापैकी आठ वेळा तिचेच बरोबर निघाले. मी तिच्यावर फार प्रेम केले आणि तिला ते माहीत आहे.

शेजारच्या मठातल्या कोठारप्रमुखाला एक पिंप विहिरीचे पाणी. गेली अकरा वर्षे तो मला बिअर म्हणून जे पाजत आला, त्यातले निम्मे परत करावे म्हणतो.

आता घराण्याविषयी.

आमच्या चर्चमध्ये एक दगडी सरदार निजलेला आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. पायावर पाय, तलवारीच्या मुठीवर हात, छातीवर ढाल आणि ढालीवर तीन बगळे. हे आमचे पूर्वज सर हॅमो, धर्मयुद्धाला जाऊन आलेले, असे मला लहानपणी सांगितले, मी माझ्या मुलाला सांगितले, आणि जोसलिनने ते गावजत्रेत भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगितले. दात दुखला की बायका सर हॅमोंचे नाक चोळतात. नाक त्यामुळे सपाट झाले आहे, पण गुण येतो म्हणतात.

खरी गोष्ट अशी आहे. सर हॅमो नावाचा कोणीही आमच्या घरात कधी जन्मला नाही. आमच्या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे माझे आजोबा वॅट. नवे विणलेले लोकरीचे कापड शिळ्या मुताच्या हौदात अनवाणी तुडवून घट्ट करायचे, हा त्यांचा धंदा. पाय दणकट आणि डोके तल्लख, त्यामुळे त्यांच्याकडे पैसा आला, पैशाची जमीन झाली, आणि जमिनीने घात केला. ज्याच्या जमिनीचे उत्पन्न वर्षाला चाळीस पौंडांच्या वर गेले त्याने सरदार व्हावे, नाहीतर दंड भरावा, असा राजाचा हुकूम होता. दुसऱ्यांचे बाप सरदारकीसाठी रक्त सांडतात. आजोबा ती चुकवण्यासाठी दोन वर्षे लंगडत चालले. शेवटी अधिकाऱ्याच्या माणसाने त्यांना सुगीच्या जत्रेत नाचताना पाहिले.

चोपन्नाव्या वर्षी ते सरदार झाले आणि त्याच दुपारी घोड्यावरून पडले. मग ढाल आली. ढाल आली की चिन्ह लागते, आणि चिन्ह आले की ते कुणापासून चालत आले हे विचारणारे येतातच. आजोबा दक्षिणेला दगडाच्या खाणींकडे गेले आणि बैलगाडीत स्वतःचे पणजोबा घालून घेऊन आले. कुणासाठी तरी कोरलेला, कुणी न नेलेला, पावसात पडून राहिलेला पुतळा होता तो. त्याच्या ढालीवर बगळे होते, म्हणून आम्ही बगळेवाले.

शपथेवर सांगतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ठाऊक नव्हते म्हणूनच फ्रान्सच्या मोहिमेत मी तंबूबाहेर ती ढाल छाती फुगवून टांगली. त्या मोहिमेत मी पाऊस आणि पोटदुखी याखेरीज विशेष काही पाहिले नाही. एका संध्याकाळी मात्र माझ्या तंबूत आख्खे भाजलेले बदक आले. मी देवाचे आभार मानले आणि खाल्ले. हाडे चोखत असताना एक लालबुंद चेहऱ्याचा माणूस आत शिरला.

"माझं बदक कुठाय?" तो म्हणाला.

"तुझं कसं? ढाल बघून आणून दिलंय."

"बाहेर ये आणि माझी ढाल बघ."

त्याच्या तंबूबाहेरही तीनच बगळे होते, तसेच, त्याच रंगाचे. तो माणूस म्हणजे पेंडकचा सर फल्क, तेव्हा परका, पुढे आमच्या ओढ्यापलीकडे राहायला आलेला शेजारी. एक चिन्ह दोन घराण्यांना चालत नाही. रणात माणूस त्यावरून ओळखतात, आणि मेल्यावर प्रेतही. तेव्हा प्रकरण ढालींच्या न्यायालयात गेले.

तिथे माझ्या बाजूने चौदा सरदारांनी शपथा घेतल्या, की सर हॅमोंचा पुतळा त्यांनी बालपणापासून पाहिला आहे. फल्क उठून म्हणाला, "तो पुतळा माझ्या पणजोबांचा आहे, त्यांचंही नाव फल्कच. ते धर्मयुद्धात मेले अशी बातमी आली म्हणून पणजीने करायला टाकला. मग पणजोबाच चालत घरी आले. पुतळा तिकडंच राहिला." सगळे न्यायालय हसले. एका न्यायाधीशाने विचारले, या माणसाच्या दोन कबरी आहेत, तर तो दोनदा मेला काय? मीही हसलो. सर्वांत मोठ्याने मीच हसलो.

निकाल माझ्या बाजूने लागला. फल्क खोटा ठरला. त्याने बगळ्यांभोवती लाल काठ रंगवावा आणि जुना शिक्का मोडून टाकावा, असा हुकूम झाला. लाल काठ म्हणजे पाहणाऱ्याने समजावे, ही धाकटी पाती, उसनवारीचे चिन्ह. याला सव्वीस वर्षे झाली.

त्यानंतर पाच वर्षांनी चर्चची फरशी खचली आणि पुतळा उचलावा लागला. भिंतीकडची जी बाजू कोणी कधी पाहिली नव्हती, तिच्यावर अक्षरे कोरलेली होती: इथे पेंडकचा धनी फल्क विसावला आहे, देव त्याच्या आत्म्यावर दया करो. मी आणि गवंडी, दोघांनीच वाचले. गवंड्यानेही नाही, त्याला वाचता येत नव्हते. फल्कचे न्यायालयातले बोलणे आणि आजोबांची बैलगाडी, दोन्हींचा उलगडा मला तिथेच झाला. मी तो पुतळा त्याच दुपारी पुन्हा भिंतीशी घट्ट लावून घेतला आणि एकवीस वर्षे तोंड मिटून बसलो. आत्म्याची खोट म्हटले ती हीच. आजोबांनी पूर्वज विकत आणला, त्याचे मला हसू येते. मी गप्प राहिलो, त्याची मला लाज वाटते.

म्हणून मी जाहीर करतो की तीन बगळे पेंडकच्या घराण्याचे आहेत, फल्क खरे बोलला होता, आणि त्याला खोटे पाडणारे आम्ही चूक होतो. माझी तलवार, चिलखत आणि ढाल माझा मुलगा जोसलिन याला, पण या अटीवर की त्याने त्यांवरचे आणि घरातले सगळे बगळे खरवडून काढावेत.

इथवर काल लिहून झाले होते. हे कलम ऐकून जोसलिन पांढराफटक पडला.

"बाबा, ईस्टरनंतर स्पर्धा आहे. घोड्याच्या झुलीवरसुद्धा बगळे भरून घेतलेत मी. लोक विचारतील तर काय सांगू, माझे पणजोबा मुतात नाचायचे?"

"नाचायचे नाहीत, तुडवायचे," ॲमिस म्हणाली. "आणि त्या तुडवण्यावरच तुझा घोडा उभा आहे."

"आई, तू मध्ये पडू नकोस."

"मी मध्ये पडले नसते तर तू जन्मला नसतास. आणि अहो, तुम्ही. एकवीस वर्षं माझ्या शेजारी झोपलात आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत?"

जोसलिन म्हणाला की आपण हे मृत्युपत्र मानणार नाही, वडील गेल्यावर चिन्ह मुलाचे, मग बघू. आणि तो दार आपटून गेला. तो म्हणतो ते खरे आहे. मी डोळे मिटल्यावर कागद फाडायला कितीसा वेळ लागतो? हे जिवंतपणीच निस्तरायला हवे होते. म्हणून ॲमिसने आज सकाळी कोणालाही न विचारता ओढ्यापलीकडे निरोप धाडला.

फल्क आला. सव्वीस वर्षांत तो आमच्या उंबऱ्याच्या आत आला नव्हता. काठी टेकत आला, खाटेशी बसला, आणि फादरांनी त्याला बगळ्यांची सारी हकिकत वाचून दाखवली. वाचून संपल्यावर फल्क म्हणाला, "बदक चांगलं होतं का?"

"खारट होतं," मी म्हणालो.

"बरं झालं."

मग त्याने काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली. "वॉरिन, माझी आई गेली तेव्हा तिच्या शवपेटीवर लाल काठाची ढाल होती. मरण्याआधी मला म्हणाली, फल्क, तेवढा काठ काढून टाक रे माझ्यापुरता. मी नाही काढला. मी खोटं बोललो असं कोर्टानं म्हटलं होतं, आणि त्यात हुकूम मोडणारा असं कशाला म्हणवून घेऊ? कधी गेली आठवतंय? चौदा वर्षं झाली. तुला तेव्हा माहीत होतं."

"होतं," मी म्हणालो.

"तू दफनाला आला होतास. ढाल बघितली होतीस."

"बघितली होती."

मी त्याचा हात धरला आणि क्षमा मागितली. रडलोही, हे फादरांनी लिहू नये असे त्यांचे मत होते, माझे लिहावे असे आहे. फल्कने हात काढून घेतला नाही. क्षमा केली असेही तो म्हणाला नाही. "बघू," म्हणाला, "तू आधी मर तर खरा." त्याच्या तोंडून हे मला पुष्कळ वाटले.

मी त्याला म्हटले, पुतळा तुझा आहे, गाडी पाठव आणि घेऊन जा. तो नको म्हणाला. पणजोबांची खरी कबर त्याच्या गावी आहे, आणि इथल्या बायकांच्या दातांचे काय करायचे? तेव्हा पुतळा आमच्या चर्चमध्येच राहावा, पण भिंतीपासून चार हात पुढे ओढावा, म्हणजे अक्षरे दिसतील. मला भिंतीच्या आणि त्याच्या मध्ये पुरावे. माझ्या कबरीकडे येणाऱ्याला त्या अक्षरांसमोरूनच यावे लागेल.

हे बोलणे चालू असताना जोसलिन दारात आला. त्याच्या हातात चाकू होता आणि बाह्यांवर रंगाचे पापुद्रे. तो बहुधा बराच वेळ दाराबाहेर उभा राहून ऐकत होता.

"दोन निघाले," तो म्हणाला. "तिसरा निघत नाहीये. रंगाऱ्यानं काय घातलंय त्यात कोण जाणे."

"गरम पाणी आणि राख लाव," फल्क म्हणाला. "काठ खरवडायला मी कितीदा तेच योजून ठेवलं होतं." आणि मग, "आता काय काढणार ढालीवर?"

"माहीत नाही. तोवर कोरी."

"कोऱ्या ढालीला कोणी खोटं म्हणत नाही," फल्क म्हणाला. जोसलिनने मान खाली घातली आणि त्याच्यासाठी प्याला भरून आणला. माझा मुलगा गर्विष्ठ आहे, पण वाईट नाही. हे मृत्युपत्रात नोंदवून ठेवतो, म्हणजे त्याला ते पुढे बदलता येणार नाही.

मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲमिसने करावी. तिने काय ठरवले हे तिला कोणी विचारू नये.

साक्षीदार म्हणून फल्कने शिक्का उठवावा असे मी सुचवले तेव्हा फादरांनी हरकत घेतली, की ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. मी म्हटले, त्याला मी काही देत नाही, त्याचेच त्याच्याकडे जाते आहे. फादरांनी विचार केला आणि मान डोलावली.

साक्षीदार: फादर ॲल्डविन, हेझलकोटचे धर्मगुरू, ज्यांनी हे लिहिले. थॉमस, गिरणीवाला, ज्याने फुली काढली. सर फल्क, पेंडकचे धनी.

ठिकाण हेझलकोट, माझ्या खाटेशी. संत मार्टिनच्या सणानंतरचा तिसरा दिवस, राजे रिचर्ड यांच्या कारकिर्दीचे अकरावे वर्ष.

मी, वॉरिन, माझा अंगठा मेणावर दाबतो, कारण माझ्या शिक्क्यावर आता माझे काही नाही.

सर फल्क यांनी न्यायालयाने मोडायला सांगितलेला शिक्का मोडला नव्हता. तो त्यांनी मोज्यातून काढला, मेणावर ठेवला आणि दोन्ही हातांनी दाबला. तीन बगळे उमटले आहेत. काठ नाही.