विहीणबाईंना खाली आणलं

२ जून, वरकुटे
ठरलं — लडाख! लेकीनं, राजेश्वरीनं मला आणि तिच्या सासूबाईंना जोडीनं पाठवायचा घाट घातलाय. विहीणबाई म्हणजे माळेगावच्या चंद्राबाई. करारी बाई. लेक दिल्यापासून त्यांच्यासमोर मी कधी पाय पसरून बसलेले नाही. आता एकाच खोलीत मुक्काम!

४ जून
बारामतीत सहलीची मीटिंग. सहलीवर आमच्यासोबत येणारी रश्मी बजावत होती — वर हवा विरळ. पहिले दोन दिवस नुसता आराम. डोकं दुखलं, मळमळलं, तोल गेला तर लगेच सांगायचं, आणि मग वर जायचं नाही, खाली यायचं. आम्ही दोघींनी शहाण्यासारख्या माना हलवल्या.

९ जून, लेह
डोकं ठणकतंय. पण मी मुलीची आई, त्यांच्यापुढं रडगाणं गाऊ? पित्त असणार. आमसूल चघळलं.

१० जून
विहीणबाई बाजारात निघाल्या. मग मीही! रश्मी म्हणाली, "काकू, डोकं?" म्हटलं, "छे, ठणठणीत."

१२ जून, हानले (लेहहूनही उंच)
काय ते आभाळ! सकाळपासून हसू आवरत नाही. जेवण उलटलं तरी हसतेय. चहाच्या कपाला हसले. विहीणबाई अंगणात डुलतायत! काय ते आभाळ — लिहिलं वाटतं हे.

१३ जून, लेह
काल मोठं काम केलं. भारा घेऊन उसाच्या बांधावरून चालणारी बाई, तिला सपाट अंगणात सरळ चालता येईना! रश्मी म्हणाली होती तेच हे. पण त्या माझ्यासमोर कबूल होतील? शक्यच नाही. मग मीच सोंग घेतलं. भिंत धरून खाली बसले. "विहीणबाई, माझं काय खरं दिसत न्हाय. मला खाली न्या."

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "चला, मी हाय संगं."

आणि सोंग वठलं! गाडीत ऑक्सिजनची नळीसुद्धा लावून घेतली. लेहला डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं, तिथंही मुकाट पडून राहिले. विहीणबाई उशाशी. आता अगदी टवटवीत दिसतात.

१९ जून, वरकुटे
भावकीत सगळ्यांना सांगून झालं. विहिणीला वाचवलं, तेही तिचा मान राखून! माझी मीच खूश.

२१ जून, माळेगाव
लेकीकडं आले. नातीला, छकुलीला, तिच्या दुसऱ्या आजीची गोष्ट रंगवून सांगत होते, तर राजेश्वरीनं मला स्वयंपाकघरात ओढलं.

"आई, बास आता. डॉक्टरांनी दोघींना तपासलं. सासूबाईंना काही झालं नव्हतं. डुलत होतीस ती तू. तू भिंत धरायच्या आधीच त्यांनी गाडी बोलावली होती. मला म्हणाल्या, विहीणबाईंना वाटतंय त्यांनीच मला खाली आणलं, तर वाटू दे."

निघताना विहीणबाई दारापर्यंत आल्या. सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तुमच्यामुळं वाचले बगा मी."

"असू द्या," म्हटलं. आणि निघायचं सोडून त्यांच्या शेजारी पाय पसरून बसले.