आठव्या महिन्यातलं बाळ

शुक्रवार पेठ, सोलापूर
दि. १८ जानेवारी १९७७

ती. अक्कास,
वच्छलाचा शि. सा. न. वि. वि.

बाळ अजून मुठीएवढंच आहे. परवा झोपेत त्याचं अंग झटकलं, म्हणून डॉक्टरांनी डोक्याला तारा चिकटवून मेंदूच्या लहरी कागदावर उमटवल्या. कितव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचा मेंदू कितपत वाढलेला असतो, ते म्हणे त्या रेघांवरून कळतं. तू बाळाला बघायला आलीस तेव्हा टाळूवर थापलेलं तेल पुसून काढताना तिथली बाई मला काय काय बोलली!

पण अक्का, डॉक्टर बुचकळ्यात पडलेत. म्हणाले, तुम्ही सातवा महिना सांगता आणि लहरी तशा नाहीत. एक तर मोजण्यात चूक, नाहीतर मेंदूत बिघाड. शनिवारी पुन्हा बोलावलंय. खरं तर तो आठव्यातला. सातव्यातलं जगतं, आठव्यातलं मूल लाभत नाही म्हणून सासूबाईंनी सगळीकडे सातवा सांगितला आणि मी गप्प बसले. मलाही तीच भीती आहे. खरं बोलले आणि त्याचं काही वाईट झालं तर? आज आई हवी होती गं.

उत्तर लगेच धाड.
तुझी वच्छला

बार्शी
दि. २० जानेवारी

चि. सौ. वच्छलास अ. उ. आ.

पत्र वाचून आधी रडले, मग हसले. आपली होटगीची रेल्वेची खोली आठवते? तू तिथेच झालीस. मी तेव्हा दहा वर्षांची. आईने तुला कापसात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवलं होतं, वातीने दूध पाजायची. गाडी धडधडत गेली की मी तुझ्या नाकाशी बोट धरून बघायचे. कुणी विचारलं की आई ठासून सांगायची, सातवा हाय.

वेडाबाई, तूसुद्धा आठव्यातलीच! आईने शेवटपर्यंत मला बोलू दिलं नाही. आज तिची शपथ मोडतेय. रागावली तर माझ्यावर रागावेल. चिंचेवर चढून गार्डाला वाकुल्या दाखवायचीस तू, तुझं काय वाईट झालं? डॉक्टरांना खरं सांग.

बाळाला गोड पापा.
तुझी अक्का

सोलापूर
दि. २३ जानेवारी

ती. अक्कास सा. न. वि. वि.

आईने जन्मभर माझ्यासाठी खोटं बोलावं आणि मला कळूही नये! तुझं पत्र उशाशी घेऊन झोपते.

काल डॉक्टरांना आठवा असं सांगून टाकलं. त्यांनी तो कागद पुन्हा उलगडला आणि म्हणाले, मग बरोबर जुळतंय, लहरी त्याच्या महिन्याला साजेशाच आहेत. झटक्यांवर लक्ष ठेवायचं, पुढच्या महिन्यात परत रेघा काढायच्या; पण आज तरी घाबरण्यासारखं काही नाही.

सोबत आलेल्या सासूबाईंचा चेहरा मात्र उतरला. घरी आल्यावर त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. बराच वेळ मला न्याहाळत बसल्या, जणू मी आजच घरात आलेय. आज सकाळी शेजारच्या मल्लव्वांनी सातव्यातल्या पोराची खुशाली विचारली, तर माझ्याआधी त्याच बोलल्या, की सातव्यातलं न्हाय, आठव्यातलं हाय, आईवर गेलंय.

तुझा माझ्यावर आहे तसाच जीव त्याच्यावरही असू दे.
तुझी वच्छला