दोनदा विचारलेलं वय

हवालदारबाई,

हे पत्र काही मी चौकीवर आणून देणार नाही.

सातपाटीचा मच्छीबाजार हलवू नये म्हणून आम्ही रस्ता अडवला, तेव्हा तुम्ही मला दोनदा वय विचारलंत. मी सतराची होते. आईसोबत तुमच्या गाडीत बसता यावं म्हणून दोन्ही वेळा अठरा सांगितलं.

आता मेडिकल कॉलेजच्या फॉर्मवर विचारलंय, गुन्हा दाखल आहे का? वकिलाकडे खेपा घालून दमले. ते म्हणतात, जन्मदाखला दाखव, गुन्ह्यातून नाव निघेल. पण मग कोर्टाच्या तारखांना आई एकटीच जाणार.

काल बोंबील वाळत घालताना आई म्हणाली, "काड तुजा नाव. मी हाय ना."

मी फॉर्मवर 'होय' लिहिलं. त्या दिवशी गाडीत चढतानाही ती "घरी जा, मी हाय ना" म्हणत होती, आणि माझा हात सोडत नव्हती.

तुम्ही सोडणार होतात ती,
दिशा